आइस हॉकी: काचेजवळची सीट नको, थोडं वर बसा
डिसेंबरअखेरीस वर्ल्ड ज्युनिअर्स (२० वर्षांखालील खेळाडूंची जागतिक आइस हॉकी स्पर्धा) बघायचा बेत असेल, तर रिंकभोवतीच्या (बर्फाच्या मैदानाभोवतीच्या) काचेलगतच्या महागड्या सीटच्या मोहात पडू नका. तिथं खेळाडू बोर्डवर (काचेखालच्या कडेच्या भिंतीवर) धाडकन आदळतो ते हातभर अंतरावरून दिसतं खरं, पण पलीकडच्या गोलपाशी काय चाललंय ते कळत नाही आणि आपल्याच बाजूच्या बोर्डला चिकटलेला पक (खेळातली रबरी चकती) तर दिसतच नाही. रिंक सुमारे ६० मीटर लांब असते. पास कुठून निघाला, बचावफळी कुठं फुटली हे पाहायचं तर पंधराव्या-विसाव्या रांगेच्या आसपास, मधल्या रेषेजवळ बसावं. तेही खेळाडूंच्या बाकांसमोरच्या बाजूला! धावत्या खेळात खेळाडू कसे बदलतात, प्रशिक्षक कुणाला उतरवतो, सगळं समोर दिसतं.

बजेट कमी असेल तर कोपऱ्यातली, जरा वरची सीट घ्या. गोलच्या मागं मात्र संरक्षक जाळी आडवी येते. सामन्यात २० मिनिटांची तीन सत्रं असतात आणि प्रत्येक सत्रानंतर संघ बाजू बदलतात, म्हणजे आपला संघ एकाच गोलवर दोन सत्रं चढाई करतो. तो गोल कुठला, हे सामन्यागणिक बदलू शकतं. म्हणून अनेक सामन्यांचं पॅकेज घेताना मधलीच सीट बघा. आणि खालच्या रांगांत गारठा असतो, मुलांना जॅकेट हवंच.