पालक मीटिंगला येत नाहीत? आधी त्यांची शिफ्ट विचारा

मी नवी मुंबईत दिघा-ऐरोली पट्ट्यातल्या एका मराठी शाळेत तिसरीला शिकवते आणि स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकत आलेय, की आपल्या पालकांना काही पडलेलीच नाहीये. मीपण म्हणायचे. मग एकदा मंगळवारी सकाळी ११ ला पालकसभा ठेवली, वर्गात ४१ मुलं आणि आले ७ जण, त्यातले दोन आजोबा आणि एक बाबा तर चौथीचे, चुकून आमच्या वर्गात येऊन बसलेले. चहा एवढा उरला की शिपाईमामांनी बाहेर रिक्षावाल्यांना वाटला आणि जाताजाता मला म्हणाले, "मॅडम, अकराला घरी असतं कोण ओ इकडे?"

बरोबर होतं त्यांचं. वडील एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला, आई चार घरची कामं करायला सेक्टरमध्ये, आणि कोणी एपीएमसीत माथाडी असेल तर तो बिचारा रात्रभर माल उतरवून आत्ता कुठे आडवा झालेला. आपण मात्र आपल्या सोयीची वेळ ठरवायची आणि वर त्यांनाच बेजबाबदार म्हणायचं.

म्हणून पहिलं काम हे करा, जूनमध्ये शाळा सुरू झाली की एक साधी वही घाला आणि प्रत्येक मुलापुढे लिहा, आई-बाबा काय करतात, शिफ्ट कुठली, सुट्टीचा वार कोणता (सगळ्यांना रविवारच असतो असं धरू नका), मोबाईल दिवसभर कोणाकडे असतो, आणि घरात कोणाला कुठली भाषा वाचता येते. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे कारण आमच्या वर्गात आगरी बोलणारे आहेत, हिंदीवाले आहेत, कन्नड बोलणारे आहेत, आणि आपण सगळ्यांना शुद्ध मराठीतली झेरॉक्स सूचना पाठवतो ती थेट दप्तराच्या तळाशी जाते. वही भरली की सभा दोनदा लावा, एक संध्याकाळी साडेसहाला, एक सुट्टीच्या दिवशी सकाळी, विषय तोच, ज्याला जी जमेल तिला येईल. आणि पाऊण तासात सोडा. खरंच सोडा. मान्यवरांचं स्वागत, मनोगत वगैरे नको, घरी पाणी भरायचं असतं लोकांना.

दुसरं, शाळेचा फोन. आमच्याकडे शाळेचा नंबर स्क्रीनवर दिसला की आईच्या पोटात गोळा येतो, पडला का, भांडला का, फी राहिली का. म्हणून पहिल्या महिन्यात प्रत्येक घरी एक फोन फक्त चांगलं सांगायला करा, रोज दोन केले तरी महिन्याभरात वर्ग संपतो. "ताई, काळजीचं काही नाही, आज तिने फळ्यावर येऊन हातच्याची बेरीज केली, तेवढंच सांगायचं होतं." संपलं, ठेवा फोन. त्यात "पण जरा अक्षराकडे लक्ष द्या" हे शेपूट जोडायचा मोह होतो, मलापण होतो, जोडू नका. पुढे कधी खरंच तक्रार सांगायची वेळ आली तर तेच माणूस नीट ऐकून घेतं.

आता मुख्य गोष्ट. आपण पालकांना सांगतो "घरी अभ्यास घ्या" आणि तिथेच गाडी अडते, कारण अर्ध्यांना वाटतं आपल्याला येत नाही तर घेणार काय, त्यात सेमी असेल तर गणित इंग्रजीत, मग तर विषयच संपला, लगेच हजार रुपयांचा क्लास. त्यांना शिकवायला सांगूच नका, ऐकायला सांगा. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई घरी लसूण सोलायचं काम आणते, किलोवर पैसे मिळतात, ती मला म्हणाली, "मॅडम, मला वाचताच येत नाय, मी काय अभ्यास घेनार." मी म्हटलं ताई, तुम्ही लसूण सोलत बसा, त्याला समोर बसवा, दहा मिनिटं मोठ्याने वाचू दे, तुम्ही फक्त तीन गोष्टी करा, बोट शब्दाखाली फिरतंय का बघा, अडला तर ओरडू नका, थांबा, आणि संपलं की विचारा, मग पुढे काय झालं? चौथ्या दिवशी ती स्वतःहून गेटवर आली, हाताला लसणाचा वास तसाच, आणि म्हणते, "मॅडम, ह्याला वाचता येत नाय. ह्याचे डोळे टीव्हीकडे नि तोंड चालूच, मी मधीच पान पालटलं तरी तेच बोलतोय." पोराने धडा पाठ केला होता! वर्गात माझ्यासमोर घडाघडा म्हणायचा आणि मी त्याच्या नावापुढे 'वाचन चांगले' लिहिलेलं होतं. २०२१ ला निपुण भारत (लहान मुलांच्या वाचन-गणिताचं सरकारी अभियान) आलं तेव्हापासून आम्ही तिसरीपर्यंत समजून वाचता आलं पाहिजे म्हणून तक्ते भरतोय, आणि पकडलं कोणी तर अक्षर न ओळखणाऱ्या बाईने. तेव्हापासून मी सगळ्या पालकांना सांगते, रोज मधलंच कुठलंतरी पान उघडायला लावा.

गणिताचंही तसंच, पण वही-पेन काढायला लावू नका, त्यांच्या रोजच्या जगण्यातलंच द्या. भाजीचे सुटे पैसे, रिक्षाचं मीटर, किंवा स्टेशन. मी एकदा घरी विचारून यायला सांगितलं होतं की ठाण्याहून निघालं की घणसोली कितवं स्टेशन, तर घरोघरी वाद, वडील म्हणतात तिसरं, पोरं म्हणतात चौथं, कारण मध्ये दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ ला सुरू झालं आणि वडिलांच्या डोक्यात अजून जुनाच हिशोब. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग जिंकल्यासारखा आला. असा प्रश्न द्या ज्यात मुलाला बापाची चूक काढायचा चान्स मिळेल, बाप पण खूश असतो हो त्यात.

व्हॉट्सअॅप ग्रुप कराच पण मेसेज फक्त अॅडमिनला टाकता येतील असं सेटिंग ठेवा, नाहीतर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली परीक्षेचं टाईमटेबल गाडलं जातं. लांबलचक टाईप करू नका, अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाका, शक्य तर हिंदीत पण एक, ज्यांना वाचता येत नाही ते पण ऐकतात. तो रात्री साडेआठनंतर टाका, कारण फोन वडिलांबरोबर कंपनीत गेलेला असतो. आणि कुणाचे मार्क ग्रुपवर नको, कधीच नको, एका पोराचे मार्क सगळ्या चाळीला कळले की त्याची आई पुन्हा शाळेच्या दिशेने फिरकत नाही.

शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यातून २०२२ पासून माता गट, म्हणजे पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे छोटे गट, सुरू झाले, ती कल्पना मला मनापासून आवडते, फक्त बऱ्याच ठिकाणी ती फोटोपुरती उरते. तो गट पहिलीनंतर मोडू देऊ नका. एका गल्लीतल्या पाचसहा जणी आठवड्यातून एकदा कोणाच्यातरी ओट्यावर बसल्या, पोरांनी गोष्ट वाचली, झालं. बाई तिथे गेल्याच पाहिजेत असं काही नाही, उलट न गेलेलं बरं, बाई आल्या की सगळ्या गप्प होतात.

राहिली शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यात (२००९ चा) तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका असं स्पष्ट आहे, पण होतं काय, प्रोसिडिंग (मीटिंगचं इतिवृत्त) आधीच लिहिलेलं आणि ताईंनी फक्त सही करायची. एक करून बघा, दर मीटिंगला पहिला विषय पालकांनी सांगायचा, मुख्याध्यापकांनी नाही. आमच्याकडे पहिल्यांदा विषय निघाला मुलींच्या टॉयलेटची कडी. अभ्यासाशी काय संबंध असं एक सर कुजबुजले. कडी बसली, आणि पुढच्या मीटिंगला त्याच बायकांनी विचारलं की इंग्रजीचा तास रोज का होत नाही. सर गप्प.

आता संध्याकाळच्या सभेला माझ्याकडे वीसबावीस जण येतात, उरलेल्यांना मी गेटवर गाठते, काही जण तरीही सापडत नाहीत. आणि हो, गणपतीच्या आठवड्यात काहीही ठेवू नका, अर्धा वर्ग कोकणात असतो.