जुन्या डेस्कटॉपवर व्हर्च्युअलायझेशनचा सराव

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एकाच संगणकात सॉफ्टवेअरने अनेक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणे. कोल्हापूरच्या औद्योगिक भागांतले शिवाजी उद्यमनगर असो वा गोकुळ शिरगाव, कारखानदार हे काम करणाऱ्या स्वतंत्र सल्लागाराकडे प्रमाणपत्र क्वचितच मागतो. बंद पडलेला सर्व्हर किती वेळात उभा राहील, एवढेच तो विचारतो. म्हणून महागड्या वर्गाची फी भरण्याआधी एखाद्या कार्यालयाने काढून टाकलेला डेस्कटॉप घ्यावा. त्याच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही, म्हणजे इंटेल वा एएमडी प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय, आहे ना, हे दुकानातच मॉनिटर जोडून पाहावे, आणि उरलेले पैसे नव्या प्रोसेसरपेक्षा रॅमवर घालावेत. ३२ जीबी असल्यास सराव अडत नाही.

त्यावर आभासी मशीन चालवणारे प्रॉक्समॉक्स व्हीई बसवावे. डेबियन लिनक्स आणि केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) यांवर आधारलेली ही मुक्तस्रोत प्रणाली सदस्यत्वाशिवायही चालते. मात्र सदस्यांसाठीची एंटरप्राइझ रिपॉझिटरी (अपडेट जिथून येतात तो साठा) बंद करून नो-सबस्क्रिप्शन रिपॉझिटरी जोडली नाही, तर अपडेट करताना एरर येते आणि नवखा माणूस उगीच घाबरतो. नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (आभासी मशीनच्या आत आभासी मशीन) चालू केल्यास त्याच डेस्कटॉपमध्ये तीन नोडचा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या तीन सर्व्हरांचा गट, उभारता येतो. तीनच का, तर दोनांतला एक पडला की बहुमत उरत नाही आणि उरलेला नोड नवे मशीन सुरू करू देत नाही. हे एकदा मुद्दाम घडवून पाहावे.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या अशाच प्रणालीसाठी विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची मूल्यमापन आवृत्ती पुरते. २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही व्हर्च्युअलायझेशनची कंपनी घेतल्यानंतर तिचे परवाने सदस्यत्वावर गेले, त्यामुळे तिच्या ईएसएक्सआय या प्रणालीवरून मशीन आयात करण्याचाही सराव ठेवावा. आणि दर आठवड्याला एक मशीन पुसून, घड्याळ लावून, ते बॅकअपवरून परत आणावे.