मुलांसाठी पैलवानांची सचित्र वही कशी तयार करावी

डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी मनोरंजन-कुस्तीचे वेड लागलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला तयार पोस्टर आणून देण्यापेक्षा त्याच्याकडूनच पैलवानांची सचित्र वही करून घ्यावी. नाशिकच्या मेन रोडवर सहज मिळणारी चौकटीची वही, पट्टी, पेन्सिल आणि रंगीत खडू एवढे साहित्य पुरते.

सर्व चित्रे एकाच प्रमाणात काढावीत, कारण वहीची खरी गंमत त्यातच आहे. १ फुटाला २ सेंटीमीटर असे प्रमाण धरले, तर ७ फूट १ इंचाचा द ग्रेट खली १४ सेंटीमीटरांच्या किंचित वर जातो आणि ५ फूट ६ इंचांचा रे मिस्टेरिओ ११ सेंटीमीटरांतच आटोपतो. दोघे समोरासमोरच्या पानांवर आले की मिस्टेरिओ दोरांवरून उड्या का घेतो, हे मुलाला समजावून सांगावे लागत नाही. मुले डोके हमखास मोठे काढतात. एकूण उंचीचे साडेसात भाग करून वरचा एक भाग डोक्याला द्यावा. मिस्टेरिओचा मुखवटा मात्र सावकाश रंगवावा, कारण मेक्सिकोच्या लुचा लिब्रे या मुखवटे घालून लढायच्या कुस्तीच्या परंपरेत पैजेच्या लढतीत मुखवटा गमावणे ही मोठी नामुष्की मानली जाते.

चित्राखाली आकडे लिहिताना ‘जाहीर उंची’ असेच लिहावे. आमच्या लहानपणी पैलवानांच्या खेळायच्या पत्त्यांवर छापलेल्या बायसेप्सच्या मापावरून अबोला धरला जाई. ती मापे प्रसिद्धीसाठी फुगवलेली असू शकतात, अशी शंकाही कोणाला आली नाही. लढतीचा निकाल आधी ठरलेला असतो, पण पडणे खरे असते आणि दुखापतही खरी होते, हेही मुलाला स्पष्ट सांगावे, म्हणजे घरातला पलंग आणि धाकटे भावंड दोन्ही वाचतात.

यानंतर वही उलटी करून मागच्या बाजूने कुस्तीचे पैलवान काढण्यास प्रारंभ करावा. पहिले पान खाशाबा जाधवांचे, ज्यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्य, मिळवून दिले. दुसरे २०२० मध्ये नाशिककडून लढून महाराष्ट्र केसरी झालेल्या हर्षवर्धन सदगीरचे, खांद्यावर चांदीची गदा घेतलेले. शक्य असल्यास वस्तादांची परवानगी घेऊन मुलाला एखाद्या तालमीत न्यावे, चपला बाहेर काढाव्यात आणि कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसून त्याला दोनच गोष्टी टिपू द्याव्यात: तेल, ताक आणि हळद मुरलेल्या मातीचा रंग, आणि पैलवानांचे फुटलेले कान. सरावात वारंवार घासून व मार बसून कानात रक्त साकळते आणि तो पिळल्यासारखा आक्रसतो. असा कान चित्रात आला की पैलवान ओळखू येतो.

मधले जोडपान कर्ट अँगलसाठी राखून ठेवावे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये १०० किलो गटात फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकून तो पुढे व्यावसायिक रिंगणात उतरला, त्यामुळे वही कोणत्याही बाजूने उघडली तरी शेवटचा पैलवान तोच येतो.