बिनअंड्याचा चॉकलेट केक: आधी ओव्हन, मग मिश्रण

श्रावणात घरातल्या कोणाचा वाढदिवस आला की नाशिकमधल्या अनेक घरांत एकच अडचण उभी राहते: केक तर हवा आहे, परंतु महिनाभर अंडे उंबरठ्याच्या आत येणार नाही. अशा वेळी कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणणे हा सर्वांच्या परिचयाचा उपाय असला, तरी त्याहून स्वस्त आणि माझ्या मते कोकोची चव अधिक मोकळी ठेवणारा दुसरा मार्ग आहे. या केकमध्ये अंडे नाही, लोणी नाही आणि दूधही नाही. मैदा, साखर, कोको, तेल, पाणी, खाण्याचा सोडा आणि एक मोठा चमचा व्हिनेगर एवढ्यावर तो होतो. १९३० च्या दशकातील मंदीत आणि पुढे महायुद्धाच्या टंचाईत अमेरिकेतील गृहिणी असे केक करीत असत, कारण अंडी आणि लोणी दोन्ही महाग वा दुर्मीळ झाले होते. आपल्याकडे कारण टंचाईचे नसून सोवळ्याचे आहे, एवढाच फरक.

कृती सोपी आहे, पण तिच्यात एक अट आहे आणि ती पाळली नाही तर बाकी सारे नेमके करूनही केक बसतो. नेहमीच्या केकमध्ये फेटलेले अंडे किंवा लोणी हवा धरून ठेवते. येथे ते काम सोडा आणि आम्ल एकत्र आल्यावर तयार होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांकडे असते, आणि हे बुडबुडे ओले व कोरडे साहित्य एकत्र आल्याक्षणी सुटू लागतात. मी पहिल्यांदा हा केक केला तेव्हा मिश्रण छान कालवून ठेवले आणि मग भांडे शोधायला निघालो. ते सापडून, त्याला कागद लावून, ओव्हन तापेपर्यंत वीस मिनिटे गेली आणि बाहेर आली ती जाड, काळपट दशमी. चवीला वाईट नव्हती, पण तिच्यावर मेणबत्ती लावण्याचे धाडस कोणी केले नाही. म्हणून पहिले काम ओव्हनचे आणि भांड्याचे, पिठाचे काम त्यानंतर.

ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर किमान १० मिनिटे आधी तापवावा. ओटीजी, म्हणजे तापणाऱ्या सळयांचा छोटा विजेचा ओव्हन, असल्यास वरची आणि खालची अशा दोन्ही सळया चालू ठेवाव्यात आणि जाळी मधल्या खाचेत बसवावी. घरात मायक्रोवेव्ह असेल तर त्यात कन्व्हेक्शनची, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवून भाजण्याची, सोय आहे का, हे पाहून घ्यावे. साध्या मायक्रोवेव्हमध्ये ही कृती याच वेळात आणि याच रीतीने होणार नाही. भांडे ७ इंच व्यासाचे, निदान २ इंच उंचीचे, अ‍ॅल्युमिनियमचे असावे. भांडी बाजारात गेल्यावर ते हातात घेऊन पाहावे. फार पातळ पत्र्याच्या भांड्यात कडा आधी करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. भांड्याला आतून तेलाचा हात लावून तळाशी बटर पेपर बसवावा. कपकेक करायचे असतील तर याच मापात साधारण १२ कपकेक होतात; त्यासाठी कागदी वाट्या साच्यात आधीच मांडून ठेवाव्यात.

आता साहित्य. मैदा १९० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, कोको पावडर ३० ग्रॅम, खाण्याचा सोडा सपाट भरलेला एक छोटा चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम, मीठ अर्धा छोटा चमचा, कोमट पाणी २४० मिलिलिटर, तेल ८० मिलिलिटर, पांढरे व्हिनेगर एक मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर आणि व्हॅनिला इसेन्स एक छोटा चमचा. ही मापे ग्रॅममध्ये दिली आहेत ती हट्टाने. आपल्या स्वयंपाकघरात वाटी हे मुख्य माप असते, आणि वरणभाताला ते पुरते. पण दाबून भरलेल्या वाटीत आणि चमच्याने हलकेच भरलेल्या त्याच वाटीत मैद्याच्या वजनाचा फरक सहज २० ते ३० ग्रॅमपर्यंत जातो. तेवढा जास्तीचा मैदा केक कोरडा करायला पुरेसा आहे. वजनकाटा नसेल तर २४० मिलिलिटरचा मापाचा कप घ्यावा, मैदा चमच्याने त्यात टाकावा, सुरीच्या पाठीने वरचा भाग सपाट करावा आणि असे दीड कप घ्यावेत.

तेलाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे रोजच्या फोडणीला शेंगदाण्याचे तेल असते आणि घाण्याचे असेल तर त्याला स्वतःचा दरवळ असतो. तो वांग्याच्या भाजीत हवाच, परंतु कोकोवर तो कुरघोडी करतो. त्यामुळे येथे सूर्यफुलाचे किंवा सोयाबीनचे रिफाइंड तेल वापरावे. व्हिनेगर नसल्यास तेवढाच लिंबाचा रस चालतो. सोडा जुना असेल तर चिमूटभर सोड्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. लगेच फसफसला नाही तर नवा आणावा. सोड्याचा चमचा शिगोशिग भरण्याचा मोह मात्र टाळावा, कारण जास्तीचा सोडा केक फुगवत नाही, तर त्याला साबणासारखी चव आणतो.

कोको पावडर विकत घेताना तिच्यात साखर मिसळलेली नाही, हे पाहावे; दुधात घालायची चॉकलेट पावडर येथे चालत नाही. बिनसाखरेच्या कोकोचेही दोन प्रकार असतात. साधा कोको फिकट तपकिरी आणि किंचित आंबट असतो. क्षाराची प्रक्रिया केलेला डच पद्धतीचा कोको गडद आणि चवीला सौम्य असतो. त्याच्यातला आंबटपणा निघून गेलेला असतो. सोड्याला आम्लाची साथ लागते, त्यामुळे या केकला साधा कोको अधिक मानवतो. गडद रंगाचाच आग्रह असेल तर साध्या कोकोत एक छोटा चमचा इन्स्टंट कॉफी मिसळावी. कॉफीची वेगळी चव जाणवत नाही, पण चॉकलेटची चव ठळक होते.

सर्व तयारी झाली की मैदा, कोको, सोडा आणि मीठ दोनदा चाळून घ्यावे. कोकोच्या गुठळ्या ओल्या मिश्रणात फुटत नाहीत, म्हणून चाळण्याचा कंटाळा करू नये. साखर बारीक दळून याच कोरड्या मिश्रणात घालावी. दुसऱ्या भांड्यात कोमट पाणी, तेल, व्हिनेगर, इसेन्स आणि घेतली असल्यास कॉफी एकत्र करावी. पाणी कोमट सांगण्याचे कारण असे की डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या नळाचे पाणी सकाळी बोटे बधिर करणारे असते, आणि अशा पाण्यात साखर लवकर विरघळत नाही. मात्र ते कढत असू नये.

ओव्हन तापलेला आहे याची खात्री झाल्यावरच ओले मिश्रण कोरड्यात ओतावे आणि हाताने फिरवायच्या फेटणीने फक्त मैद्याचा पांढरा भाग दिसेनासा होईपर्यंत कालवावे. याला अर्धा-पाऊण मिनिट लागते. भज्यांचे पीठ फेटावे तसे हे फेटू नये. मैद्यातला चिवटपणा वाढून केक रबरासारखा होतो. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा सैल असते आणि त्यावर लगेच बारीक बुडबुडे दिसतात. ते पाहून घाबरून वर आणखी मैदा घालू नये. मिश्रण ताबडतोब भांड्यात ओतावे, भांडे ओट्यावर एकदा हलकेच आपटावे आणि ओव्हनमध्ये ठेवावे.

केकला ३५ ते ४० मिनिटे लागतात, कपकेकला १८ ते २०. केकच्या बाबतीत पहिली २५ मिनिटे दार उघडू नये, कारण थंड हवा आत शिरली की अर्धवट सेट झालेला मधला भाग खाली बसतो. त्यानंतर मध्यभागी टूथपिक खुपसून पाहावी. ओले पीठ चिकटले तर आणखी ५ मिनिटे द्यावीत, एक-दोन ओलसर कण चिकटले तर केक झाला. टूथपिक अगदी कोरडी ठणठणीत निघेपर्यंत वाट पाहिल्यास केक सुकतो.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात किंवा कढईत तळाला दीड वाटी मीठ पसरावे, वर लोखंडी स्टँड ठेवावा, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटे तापवावे आणि मग केकचे भांडे आत ठेवून मंद आचेवर ४० ते ५० मिनिटे द्यावीत. पूर्वी याच कामाला वाळू वापरली जात असे. प्रेशर कुकर वापरणार असाल तर शिट्टी आणि रबरी रिंग काढलीच पाहिजे, आणि आत पाणी घालायचे नाही. मी स्वतः कुकर असा कोरडा तापवण्याच्या विरुद्ध आहे; जुने पातेले बरे. हे मीठ गार करून पुढच्या केकसाठी बरणीत ठेवावे, स्वयंपाकाला वापरू नये.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उंचावर हवेचा दाब कमी असल्याने केक गरजेपेक्षा जास्त फुगून कोसळतो हे खरे, पण एवढ्या उंचीला मापे बदलावी लागत नाहीत. महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे १३५० मीटरवर, हाच केक करायचा झाल्यास सोडा थोडा कमी घ्यावा.

केक १० मिनिटे भांड्यातच ठेवून मग कडेने सुरी फिरवावी आणि जाळीवर उलटा करावा. वरून नुसती पिठीसाखर भुरभुरली तरी पुरते. लेप हवा असल्यास ८० मिलिलिटर फ्रेश क्रीम उकळी येण्याच्या बेतापर्यंत तापवून १०० ग्रॅम डार्क चॉकलेटच्या तुकड्यांवर ओतावे, दोन मिनिटांनी ढवळावे आणि केक पूर्ण गार झाल्यावरच त्यावर पसरावे. नाशिकचे काळे मनुके घालायचे असतील तर ते या लेपावर पेरावेत. आत घातले तर एवढ्या सैल मिश्रणात मैद्यात घोळवूनही ते तळाशी जातात.

लेप न लावलेला केक थंडीत झाकून दोन-तीन दिवस बाहेर राहतो, एप्रिल-मेमध्ये दुसऱ्याच दिवशी फ्रिजमध्ये ठेवावा. लोण्याचा केक फ्रिजमध्ये कडक होतो, हा होत नाही, कारण तेल तेथे गोठत नाही. किंबहुना दुसऱ्या दिवशी तो अधिक ओलसर लागतो, म्हणून वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी करून ठेवणे सोयीचे पडते.