ड्राय व्हाइट वाइन जेवणासोबत देणार असाल तर आधी सॉस चाखा

मागच्या वेळी मी सगळं नीट केलं होतं. बाटली चांगली आणली, ग्लास पुसून ठेवले, चिकन मस्त खरपूस भाजलं, आणि तरी दोन घासांनंतर सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले ते परत उचललेच नाहीत. जेवणाआधी नुसती प्यायलो तेव्हा तीच वाइन कशी ताजी लागत होती, लिंबाची साल, हिरवं सफरचंद. चिकनवर मध-मोहरीचा सॉस होता, त्याच्या घासावर तीच वाइन पातळ, आंबट आणि मागून कडवट लागायला लागली. बाटली खराब नव्हती, सॉसमधे मध होता. म्हणून सांगतोय, बाकी काही चुकलं तर चालेल पण जेवणातला गोडवा चाखून बघा.

आधी मेनू ठरवा, मग वाइन. मी उलटं केलं होतं. ड्राय म्हणजे साखर जवळपास नाहीच, युरोपियन युनियनच्या नियमात लिटरला 4 ग्रॅमपर्यंत, आणि आंबटपणा तेवढा भक्कम असेल तर 9 पर्यंत. फळांचा वास आला म्हणून वाइन गोड असते असं नाही, वास वेगळा आणि साखर वेगळी. रीसलिंग ही व्हाइट वाइन घेताना तर लेबल वाचाच, ती ड्रायही असते आणि गोडही, जर्मन बाटलीवर 'ट्रॉकन' लिहिलेलं असेल तर ड्राय.

सोव्हिन्यॉं ब्लां द्राक्षाची वाइन म्हणजे कापलेलं गवत, हिरवी ढोबळी मिरची असले वास आणि चांगला आंबटपणा, ती बकरीच्या दुधाचं चीज, सॅलड, लिंबू पिळलेले मासे यांच्यासोबत सुंदर जाते. फ्रान्समधे सॉन्सेर भागातली हीच वाइन आणि तिथलंच शाविन्योलचं बकरीचं चीज ही जोडी याच कारणाने जमलेली आहे, दोन्हीकडे आंबटपणा आहे. शाब्ली ही फ्रान्सचीच ड्राय व्हाइट वाइन, तिचं आणि शिंपल्यांचंही तसंच, आंबट आणि खारट. खारट पदार्थाने वाइनचा आंबटपणा मऊ लागतो, त्यामुळे मिठाला घाबरू नका, साखरेला घाबरा. ओक लाकडाच्या पिंपातली शार्डोने द्राक्षाची वाइन वेगळीच, तिच्यात लोणी-व्हॅनिलाची झाक असते आणि अंगानेही ती जड, क्रीम सॉस किंवा भाजलेलं चिकन हवं असेल तर ही घ्या, नाजूक माशाला ही दाबून टाकते.

आता परत तेच. मासा की चिकन हा प्रश्न नाहीये, वर काय ओतलंय हा प्रश्न आहे!! बाटलीतला तयार सॉस, टोमॅटो केचप, सॅलडचं ड्रेसिंग, मंद आचेवर तपकिरी केलेला कांदा, आंबा-अननसाचे तुकडे, सगळ्यात गोडवा लपलेला असतो आणि स्वयंपाक करताना आपल्याला तो जाणवतच नाही. चमचाभर सॉस तोंडात घ्या, लगेच वर वाइनचा घोट घ्या. वाइन एकदम आंबट लागली तर सॉसमधे लिंबू आणि मीठ वाढवा, मध अर्ध्यावर आणा, नाहीतर सरळ थोडी गोडसर वाइन काढा. साधा नियम आहे, वाइन निदान जेवणाइतकी तरी गोड हवी. हे पाहुणे यायच्या आधी करा, टेबलावर बसल्यावर काही हातात राहत नाही.

तिखट असेल तर कमी अल्कोहोलची बघा, अल्कोहोलने जळजळ वाढते. आर्टिचोक ही भाजी टाळा, त्याने वाइनची चव विचित्र लागते.

थंड किती? हलकी वाइन 8 ते 10 डिग्री, ओकवाली 10 ते 13. फ्रिज 4 च्या आसपास असतो, म्हणजे रात्रभर ठेवलेली बाटली पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा, फार गार वाइनला वासच येत नाही. घाई असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, साधारण वीस मिनिटं. नुसता बर्फ नको, पाणी पाहिजेच.

ओपनर शोधून ठेवा. 750 मिलीत साधारण पाच ग्लास. ग्लास अर्ध्याखालीच भरा. उरली तर बूच लावून फ्रिजमधे, दोन-तीन दिवसांत संपवा. जेवणानंतरचा केक आला की ही बाटली उचलून ठेवा, तिथेही तेच होतं, गोड.