छपाईसाठी फाइल सेव्ह करताना या चुका टाळा

दिवाळी अंकांचा हंगाम सुरू झाला की आमच्या प्रीप्रेसच्या, म्हणजे छपाईआधी फायली तपासायच्या, टेबलावर त्याच त्या चुकांच्या फायली येऊन पडतात. चित्र उत्तम, मांडणी उत्तम, आणि शेवटच्या मिनिटाला कसंतरी सेव्ह केल्यामुळे सगळ्या मेहनतीवर पाणी. याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मजकुरासकट अख्खं पान जेपीजी करून पाठवणं. फोटोला जेपीजी चालतं, अक्षरांना नाही. पान जेपीजी झालं की अक्षरांचे ठिपके होतात आणि त्यांच्या कडांना मळकट झाक येते. त्यात फाइल आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, असेल तर काळा रंग एकट्या काळ्या शाईत राहत नाही. फोटोशॉपच्या नेहमीच्या स्वॉप प्रोफाइलला (स्क्रीनचे रंग छपाईच्या शाईत बदलण्याचं कोष्टक) आरजीबीतला पूर्ण काळा साधारण सायन 75, मॅजेंटा 68, पिवळा 67 आणि काळा 90 टक्के असा फुटतो. म्हणजे आठ पॉइंटचा मजकूर चार शायांच्या चार प्लेटांवर विभागला जातो, आणि मशीनवर कागद केसभर हलला तरी अक्षर फाटतं.

एका अंकाच्या कवितांच्या पानांचं नेमकं हेच झालं. कवितेमागे फिकट चित्र हवं होतं. डिझाइन करणाऱ्या मुलाने चित्र आणि कविता एकत्र करून जेपीजी पाठवली. डिजिटल प्रूफ सुरेख आलं, संपादकांनी सही केली. ऑफसेटवर फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा ताव, चढला आणि प्रत्येक रफाराला लाल-निळी किनार दिसू लागली. मशीनमन एका कोपऱ्यात रजिस्टर, म्हणजे चारही शायांचा मेळ, जुळवायचा, तर दुसऱ्या कोपऱ्यात ते सुटायचं. पावसाळी हवेत मॅपलिथो कागद ताणला जातोच. बारीक अक्षरांतले अनुस्वार शेजारच्या शाईत बुडाले, 'त्यांनी'चं 'त्यानी' दिसायला लागलं. मूळ फाइल मागितली, तर चित्र आणि मजकुराचे लेयर (थर) एकत्र करून त्याच नावाने सेव्ह केलेली. मशीन थांबलं. कविता पुन्हा टाइप झाल्या, कवयित्रींना रात्री उठवून फोनवर ओळी तपासून घेतल्या, नव्या प्लेटा काढल्या. लेयर असलेली पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची मूळ फाइल, वेगळी ठेवायला अर्धं मिनिट लागलं असतं.

माझी सवय सांगतो. चित्र फोटोशॉपमध्ये, मजकूर इनडिझाइन किंवा कोरलमध्ये. मजकुराचा काळा म्हणजे फक्त काळा 100, बाकी तिन्ही शून्य. छापखान्याला पीडीएफ द्यायची आणि जुने मराठी फॉन्ट असतील तर आधी कर्व्ह करायचे, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकायचे. मात्र कर्व्ह न केलेली प्रत स्वतःकडे राहिलीच पाहिजे.

दुसरी चूक 300 डीपीआयची, म्हणजे इंचामागे ठिपक्यांची. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आलेलं चित्र बहुतेकदा 1600 पिक्सेलच्या आसपास असतं. ते उघडायचं, इमेज साइजमध्ये 72 च्या जागी 300 लिहायचं, ओके करायचं आणि 'साहेब, हाय रिझोल्यूशन केलं' म्हणून पाठवायचं. नवशिक्यांना हा शॉर्टकट कोण शिकवतं, देव जाणे. तिथे रिसॅम्पलची (पिक्सेलची संख्या बदलण्याची) खूण चालू असते, म्हणून फोटोशॉप मधले पिक्सेल अंदाजाने भरतं. हरवलेला तपशील त्याने परत येत नाही. ती खूण काढा आणि मग 300 लिहा. 1600 पिक्सेल म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच, हे लगेच समोर येईल. ए-फोर कव्हरला 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात, ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी कडेबाहेर सोडलेला भाग, वेगळं. तेव्हा चित्रकाराला पुन्हा फोन करा आणि मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोन करायचा कंटाळा हा या धंद्यातला सगळ्यात वाईट कंटाळा आहे.

फ्लेक्सला मात्र उलटा प्रकार. दहा बाय वीस फुटांच्या बॅनरला 300 डीपीआय धरलं तर 36,000 बाय 72,000 पिक्सेल होतात. पीएसडीची मर्यादाच 30,000 आहे. लांबून बघायच्या फ्लेक्सला पूर्ण मापात 72 डीपीआय पुरतं.

पीएनजीत सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) नसतं, छपाईचं चित्र त्यात देऊ नका. एकच जेपीजी उघडून, सुधारून, पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका. दरवेळी दर्जा उतरतो. काम चालू असेतोवर पीएसडी, देताना एलझेडब्ल्यू टिफ (दर्जा न घालवता फाइल लहान करणारी). प्रोफाइल एम्बेड करण्याची, म्हणजे फाइलमध्येच ठेवण्याची, खूण काढू नका. ब्लीड चारही बाजूंनी 3 मिलिमीटर.

सीएमवायके करताना छापखान्याला कागद विचारा. आर्ट पेपरला चारही शाया मिळून तीनशे टक्क्यांच्या आसपास शाई सोसते, न्यूजप्रिंटला साधारण 240. एकाच प्रोफाइलमध्ये दोन्हीकडे फाइल दिली की न्यूजप्रिंटवर चेहरे काळवंडतात आणि शाई मागच्या पानावर उतरते.

सेव्ह झालं की फाइल बंद करून पुन्हा उघडा. चित्र शंभर टक्क्यांवर बघा. मग पीडीएफ अ‍ॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये (शायांच्या प्लेटा वेगळ्या दाखवणारी खिडकी) घेऊन काळी प्लेट तेवढी बंद करा. मजकूर पूर्ण गायब झाला, तरच मी फाइल पुढे पाठवतो.