एमबीबीएसला जाताना जुना लॅपटॉप बदलायचा का? आधी एवढं तपासा

नीटचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, की घरात पुढची चर्चा लॅपटॉपची. मामा म्हणतो, माझ्याकडून भेट. आत्या म्हणते, घेतेस तर मॅकच घे. आणि लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला जुना लॅपटॉप टेबलावर कुरकुरत पडलेला असतो. इंदुरात रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात हे चालू असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खालच्या तपासणीत जुना लॅपटॉप तग धरत असेल, तर पहिलं वर्ष त्याच्यावरच काढा. कारण पैसे वाचवणं एवढंच नाही. खरं कारण हे की ज्या वर्षांत चांगला लॅपटॉप लागतो, ती वर्षं अजून लांब आहेत.

१. आधी काम बघा, मग मशीन

पहिल्या वर्षाचे विषय तीन: ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. सकाळ डिसेक्शन हॉलमध्ये जाते, तिथे फॉर्मेलिनच्या वासात लॅपटॉप कोणी उघडत नाही. हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातल्या ऊतींच्या, स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघून गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलीने वहीत काढायच्या असतात. जर्नल हाताने लिहायचं. विद्यापीठाची थिअरीही हातानेच, उत्तरपत्रिकेवर. इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजातल्या पोरांचं बोट पहिल्या वर्षी दुखतं ते लिहून लिहून, टाइप करून नव्हे.

मग लॅपटॉपवर उरतं काय? व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या पीपीटी, शेकडो पानांच्या पीडीएफ, व्हिडिओ लेक्चर, अँकी या ॲपची फ्लॅशकार्डं, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन फॉर्म. आठ जीबी रॅम आणि एसएसडी (फिरत्या हार्ड डिस्कऐवजी येणारी वेगवान डिस्क) असलेलं कुठलंही धडधाकट मशीन हे काम झोपेत करेल.

कामाचा भार वाढतो तो पुढे. कम्युनिटी मेडिसिनच्या सर्वेक्षणाचा डेटा एक्सेलमध्ये भरणं, सेमिनारच्या स्लाइड करणं, आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपसाठी प्रस्ताव आणि मग दोन महिन्यांच्या प्रकल्पाचा अहवाल लिहिणं, शेवटी नीट-पीजीची तयारी. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. आज घेतलेला लॅपटॉप इंटर्नशिपला पाच वर्षांचा म्हातारा झालेला असेल, आणि त्याची वॉरंटी, बहुतेकदा एक वर्षाची, पहिल्या वर्षाच्या परीक्षेआधीच संपलेली असेल. म्हणजे वॉरंटीचा काळ जातो पीडीएफ वाचण्यात, आणि मशीन बिघडायला लागतं नेमकं पीजीच्या तयारीत.

खात्री करायची असेल तर त्याच कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या सीनियरला विचारा. फक्त "लॅपटॉप लागतो का रे दादा?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "हो" असंच येतं. "तुझा लॅपटॉप आठवड्यातून किती वेळा कपाटाबाहेर निघतो?" असं विचारा.

२. जुन्या लॅपटॉपची तपासणी

हे काम घरच्या घरी, एका बैठकीत होतं. दुकानात नेण्याआधी करा, म्हणजे समोरचा काय सांगतोय ते कळतं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स भागात जवळजवळ सगळी कुंडली मिळते. मेमरीवर क्लिक केलं की रॅम किती आणि रॅमचे किती खाचे वापरात आहेत ते दिसतं. "दोनपैकी एक" असं असेल तर आनंद माना, दुसरी पट्टी घालता येईल. डिस्कवर क्लिक केलं की ती जुनी फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी, हे कळतं.

लॅपटॉप "स्लो झालाय" म्हणून नवा मागणारी बरीच मुलं या एका ओळीवर अडकलेली असतात. सुरू झाल्यावर काहीही न उघडता डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर चिकटून बसत असेल आणि ती फिरती हार्ड डिस्क असेल, तर दोष लॅपटॉपच्या वयाचा नाही, त्या डिस्कचा आहे. एसएसडी घातली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. सिल्व्हर मॉलमधला कुठलाही मेकॅनिक हेच सांगेल, त्याच्या भाषेत: "भैया, एसएसडी डलवा लो, रॉकेट हो जाएगा." रॉकेट जरा जास्त झालं, पण सल्ला खरा आहे.

त्याच खिडकीत प्रोसेसरचं नावही असतं. इंटेलच्या नावात आय-थ्री किंवा आय-फाइव्ह यानंतर आडवी रेघ आणि मग आकडा येतो. ८२५० असेल तर आठवी पिढी, १०२१० असेल तर दहावी, ११३५ असेल तर अकरावी. हे बघायचं ते विंडोजसाठी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, म्हणजे ती साडेपाच वर्षांच्या कोर्सला पुरणारी नव्हेच. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे फुकट ॲप उतरवून घ्या, ते सरळ हो किंवा नाही सांगतं. "नाही" आलं आणि कारण फक्त टीपीएमचं असेल, तर हाय खाऊ नका. पुष्कळ मशिनींत ती सोय असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असते. ती चालू करून पुन्हा तपासा.

आता बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजी अक्षरांत (powercfg /batteryreport) टाइप करा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली ते तिथेच छापून येतं. त्यात दोन आकडे शोधा: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. समजा पहिला ४१,००० आहे आणि दुसरा १९,०००, तर बॅटरी निम्म्याहून खाली आली. घरात चार्जर लावून चालेल, लायब्ररीत मोकळा प्लग शोधत फिरावं लागेल. बॅटरी बदलायची, लॅपटॉप नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा आणि डोळ्याच्या पातळीवरून कडेने बघा. टचपॅड वर आलंय, क्लिक होईनासं झालंय, झाकण पूर्ण मिटत नाही किंवा खालचा पत्रा मध्ये फुगलाय, यांपैकी काही दिसलं तर बॅटरी फुगलेली आहे. ती टोचू नका, दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका. त्याच दिवशी मेकॅनिककडून काढून घ्या. असा लॅपटॉप हॉस्टेलच्या गादीवर रात्रभर चार्जिंगला लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

बाकीचं पटकन: कीबोर्डची सगळी बटणं, कॅमेरा, माइक, वायफाय, चार्जिंगची पिन हलवली की चार्ज तुटतो का, आणि बिजागरी. झाकण उघडताना कोपऱ्यातलं प्लास्टिक सुटून वर येत असेल तर ते दुखणं वाढतच जातं. पंखा घरघरत असेल तर बहुधा आत धूळ साचलीय. सफाई आणि प्रोसेसर थंड ठेवणारी नवी थर्मल पेस्ट, एवढ्यावर भागतं.

३. कुठल्या लॅपटॉपचा मोह सोडायचा

काही मशिनींत पैसे घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. लॉकडाउनच्या टंचाईत घाईघाईने घेतलेले स्वस्त लॅपटॉप आठवा: चार जीबी रॅम बोर्डवरच डकवलेली, आणि डिस्कच्या जागी ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी नावाची संथ साठवण. यांत रॅम वाढत नाही, साठवणही बऱ्याचदा बदलता येत नाही. ते धाकट्या भावंडाला गृहपाठासाठी ठीक आहेत. तसंच मदरबोर्ड एकदा दुरुस्त होऊन पुन्हा गेला असेल, चहा-पाणी सांडलेलं असेल, किंवा स्क्रीन आणि बिजागरी दोन्ही एकदम बदलायची वेळ आली असेल, तर नवा घ्या. विंडोज ११ न चालणारा पण बाकी ठणठणीत लॅपटॉप विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट सिस्टिमवर मजेत चालतो. पण ज्याला त्यात रस आहे त्यानेच हे करावं. परीक्षेच्या आदल्या रात्री प्रिंटर का चालत नाही हे शोधत बसायची हौस सगळ्यांना नसते.

४. दुरुस्तीचा हिशेब

आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल किंवा जेल रोड, जिथे जाल तिथे किमान दोन दुकानांत विचारा आणि भाव कागदावर लिहून घ्या. क्रम असा: आधी एसएसडी, मग बॅटरी, मग रॅम. रॅम शेवटी, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत आणि आठ जीबी असेल तर पहिल्या वर्षाला ती पुरते. चारच असेल तर मात्र वाढवावी लागेल.

माझा साधा ठोकताळा: दुरुस्तीचा एकूण खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आत असेल तर दुरुस्ती, वर गेला तर नवा. नवा ५०,००० चा घ्यायचा मनात असेल आणि दुरुस्तीचा आकडा १२,००० येत असेल, तर खुशाल करा. २०,००० येत असेल तर हात जोडून बाहेर पडा. एसएसडी पुढे नव्या लॅपटॉपबरोबर बाहेरची डिस्क म्हणूनही वापरता येते, म्हणजे तो पैसा वाया जात नाही. बॅटरी घेताना बिलावर वॉरंटी लिहून घ्या, नुसतं तोंडी "छे महीने की गारंटी" चालत नाही. काम समोर बसून करून घ्या आणि निघालेली हार्ड डिस्क परत मागा, तिच्यावर तुमचे फोटो आणि कागदपत्रं आहेत.

५. नवा घ्यायचाच ठरला तर

सीट पक्की होईपर्यंत थांबा. मध्य प्रदेशच्या काउन्सेलिंगला फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत शहडोल मिळालेला दुसरीत रतलामला येतो, तिसरीत कदाचित इंदूरलाच. कॉलेज कुठलं, यावर लॅपटॉपचा एक निर्णय खरोखर अवलंबून असतो: सर्व्हिस. इंदुरात राहणार असाल तर मोठ्या कंपन्यांचं सर्व्हिस सेंटर गावातच आहे. लहान गावी जाणार असाल तर जागेवर येऊन दुरुस्त करून देणारी ऑनसाइट वॉरंटी घ्या, तीही शक्य तर तीन वर्षांची. मी यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा घेईन, पण वॉरंटी सोडणार नाही.

बाकी मागणी थोडी आहे. सोळा जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, चौदा इंची पडदा, दीड किलोच्या आत वजन, टाइप-सी चार्जिंग, म्हणजे फोनचा तगडा चार्जरही अडीअडचणीला चालतो. पडदा चकाकणारा नको, हॉस्टेलच्या ट्यूबलाइटखाली त्यात आपलंच तोंड दिसतं. गेमिंग लॅपटॉप तर नकोच. "थ्रीडी ॲनाटॉमीसाठी ग्राफिक्स कार्ड लागतं" हा युक्तिवाद फार ऐकू येतो, आणि तो करणाऱ्याला ॲनाटॉमीपेक्षा कशात रस आहे हे घरच्यांनी ओळखावं. असली ॲप साध्या टॅबवरही चालतात.

मॅकबुक एअर चांगला आहे, बॅटरी दिवसभर टिकते. फक्त रॅम नंतर वाढत नाही, म्हणून घेतानाच पुरेशी घ्या, आणि विद्यार्थ्यांची सवलत ॲपलच्या संकेतस्थळावर बघून मगच दुकानात घासाघीस करा. बजेट तंग असेल तर कंपन्यांतून निघालेले जुने बिझनेस लॅपटॉप हा उत्तम मार्ग आहे. लेनोवोच्या थिंकपॅडची किंवा डेलच्या लॅटिट्यूडची बांधणी मजबूत असते. विकत घेताना वर दिलेली तपासणी दुकानातच करा. दुकानदाराने टाळाटाळ केली तर दुसऱ्या दुकानात जा.

६. टॅब की लॅपटॉप

जुना लॅपटॉप घरात चालू आहे आणि थोडे पैसे हाताशी आहेत, असं असेल तर पहिल्या वर्षी पेनवाला टॅब जास्त कामाला येतो. पीडीएफवर आकृतीशेजारी लिहिता येतं, ब्रेकियल प्लेक्ससचं, म्हणजे हाताच्या नसांच्या जाळ्याचं, झाड पुसून पुन्हा पुन्हा काढता येतं, आणि बसमध्येही वाचता येतं. अँकी अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोन-आयपॅडवर विकत घ्यावं लागतं. मात्र एकट्या टॅबवर साडेपाच वर्षं निघतील या भ्रमात राहू नका. एक्सेलमध्ये दोनशे घरांचा डेटा भरायला बसलात की कीबोर्ड आणि मोठा पडदा आठवतो.

७. जुन्याची निरवानिरव

नवा आला तरी जुना लगेच एक्सचेंजला देऊ नका. त्याचे मिळतात किती ते आधी विचारा, बहुतेकदा आकडा ऐकून हसू येतं. द्यायचाच असेल तर दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, मूळ निवासी प्रमाणपत्र, नीटचं स्कोअरकार्ड यांच्या स्कॅन प्रती दोन ठिकाणी ठेवा, खात्यांमधून बाहेर पडा आणि विंडोजच्या रीसेटमध्ये "सगळं काढून टाका" हा पर्याय ड्राइव्ह साफ करण्यासकट निवडा. काढलेली फुगीर बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका. दुकानदार ठेवून घेत असेल तर त्याच्याकडेच द्या, नाहीतर सकाळी येणाऱ्या महापालिकेच्या गाडीवाल्याला बॅटरी आहे असं सांगून ई-कचऱ्यात वेगळी द्या.